कॅमेऱ्याच्या गाभाऱ्यातलं कुंकू

माझा कॅमेरा माझ्याकडे येण्याआधी कुणाचा तरी होता. कुणाचा ते मला माहीत नाही, पण त्याच्या सवयी मला पाठ आहेत. तो उजवा अंगठा दाबून धरायचा, कारण मागचं रबर नेमकं तिथेच गुळगुळीत झालं होतं. पट्टा एकाच खांद्याला अडकवायचा. आणि एक अख्खा पावसाळा त्याने हा कॅमेरा कापडात गुंडाळून कपाटात कोंबला असणार, कारण लेन्सच्या कडेला बुरशीने बारीक धागा धरला होता. वापरलेली वस्तू घेतली की आधीच्या मालकाची उणीदुणी काढायचा हक्क आपोआप मिळतो. मी तो पुरेपूर वापरला.

घेतला उल्हासनगरला. एका गल्लीत, खाली जीन्स शिवायचा कारखाना आणि वर एका खोलीत म्हातारे सिंधी काका जुने कॅमेरे विकतात, दुरुस्तही करतात. मी अंबरनाथच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे. आलेला माल पास की नापास, हे ठरवणं माझं काम. त्यामुळे काकांच्या टेबलावरचा तो कॅमेरा मी तासभर उलटासुलटा केला, प्रत्येक बटण दाबून पाहिलं, स्क्रू मोजले. शेवटी काका वैतागून म्हणाले, "मॅडम, कॅमेरा लेने आये हो, या लडके के लिए लडकी देखने?"

मग त्यांनी लेन्स फिरवून काढली आणि कॅमेऱ्याचं उघडं तोंड माझ्यापुढे धरलं. आत नखाएवढी, हिरवट-जांभळी चमकणारी काच होती. "ये बिना आरसेवाला है," ते म्हणाले. "पुराने कॅमेरे में बीच में आरसा होता था, परदे का काम करता था. इसमें परदा नहीं. लेन्स निकाली तो सीधा गाभारा. अपने अंबरनाथ के मंदिर में तो सीढी उतरना पडता है, इधर सीढी भी नहीं. जो फोटो बनता है, इसी काच पे बनता है. इसको कभी हाथ नहीं लगाने का."

मला ते इतकं आवडलं की घरी गेल्या गेल्या चपला काढता काढताच मी आईला लेन्स काढून दाखवली. "बघ. थेट गाभारा. खरा कॅमेरा म्हणजे हा. बाकीचं सगळं नुसतं खोकं." आईने चष्मा वर करून, श्वास रोखून आत पाहिलं. "आणि हात लावायचा नाही हं," असंही मी म्हटलं असणार. नक्की आठवत नाही. पुढे जे झालं त्यानंतर मी ते आठवायचा खूप प्रयत्न केला आहे.

आम्ही दोघीच राहतो, बदलापुरात मांजर्लीला. नदी जवळ असल्यामुळे घरात ओल कायमची. पावसाळ्यात भिंतींना घाम फुटतो, मीठ विरघळतं. असल्या घरात कॅमेरा ठेवायचा म्हणजे रोजचीच उठबस. हवाबंद डबा आणला, त्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या ठेवल्या. पुड्या महिन्यातून एकदा तव्यावर तापवून कोरड्या करायच्या. बॅटरी काढून वेगळी ठेवायची. डबा दर रविवारी उघडून कॅमेऱ्याला ऊन दाखवायचं, पण कडक नाही, कोवळं. आई हे सगळं भिंतीला टेकून बघायची. "लगीन नाय केलास तो नाय केलास," ती म्हणायची, "पण सासू मात्र घेऊन आलीस घरात."

ज्या कामासाठी हा कॅमेरा आणला होता ते मी तिला सांगितलं नव्हतं. तिला ते कळलं होतं.

बाबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एक धड फोटो घरात निघाला नाही. सापडला तो कंपनीतल्या दसऱ्याचा, मशीनसमोर दहाबारा जण उभे, बाबा कडेला. स्टुडिओवाल्याने त्यातून बाबा कापून मोठे केले. चेहरा फुटला, आणि बाबांच्या खांद्यावर शेजारच्या माणसाची चार बोटं राहिली, ती त्याला काढता आली नाहीत. वर्षानुवर्षं त्या बोटांसकट आम्ही त्या फोटोला हार घालतोय. तो माणूस कोण, हे आईलाही माहीत नाही. मला ती बोटं सहन होत नाहीत. आईचं असं होऊ द्यायचं नाही, तिचा एक चांगला, नितळ, तिचा एकटीचा फोटो तिच्या जिवंतपणी काढायचा, एवढ्याचसाठी मी कॅमेरा घेतला. हौस वगैरे नंतरची.

पण आई फोटोला उभी राहायची नाही. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. "भितीवर टांगायची घाई झायली काय तुला?" असं हसत हसत विचारायची, आणि मग माझीच हिंमत व्हायची नाही. खरं सांगायचं तर मीही चालढकल करत होते. आधी लेन्सची बुरशी काढून घेऊ. मग रबर सुटून चिकट झालंय ते बसवून घेऊ. मग बॅटरी फुगल्यासारखी वाटते, नवी आणू. एकेक व्यंग दूर करत मी कॅमेरा पास करत होते, आणि पास झाल्याशिवाय आईसमोर धरायचा नाही असं ठरवून बसले होते. त्यात दीड वर्ष गेलं. ह्या दीड वर्षात मी काय काढलं? नदीवरचे बगळे आणि गॅलरीतली जास्वंद.

शेवटी आईच म्हणाली. भाद्रपद संपत आला होता, ती भाजी निवडत होती, आणि मान वर न करता म्हणाली, "नवमीला काढ माजा फोटू. नवी साडी नेसेन."

नवमी म्हणजे खंडेनवमी, दसऱ्याच्या आदल्या दिवसाची. आमच्या घरात दिवाळीपेक्षा मोठा सण हा. बाबा फिटर होते, आम्ही तेव्हा अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. नवमीला बाबा आपली हत्यारं घरी आणायचे, पाने, फाइली, आणि त्यांचा जीव की प्राण असलेला व्हर्नियर, केसाएवढी जाडीही मोजणारी पोलादी पट्टी. तिची स्वतःची लाकडी पेटी होती, आत हिरवं मखमल. एका वर्षी आईने घाईत पेटीच्या झाकणावरच हळदकुंकू वाहिलं. बाबांनी पेटी उघडली आणि व्हर्नियर बाहेर काढून तिच्यापुढे धरला. म्हणाले, "डब्याची पूजा नाय करायची. हत्याराची करायची." तेव्हापासून आई प्रत्येक गोष्ट उघडून पूजा करते. शिलाई मशीनचं झाकण काढून. मिक्सरचं भांडं बाजूला करून. माझ्या लॅपटॉपलाही ती उघडून, पडद्याच्या खाली, बोटभर कुंकू लावते. बाबा गेल्यावर तिने स्वतःच्या कपाळाला कुंकू लावणं बंद केलं. हत्यारांना लावणं बंद केलं नाही.

त्या नवमीला मी आंघोळीला गेले तेव्हा कॅमेरा टेबलावर होता. आदल्या दिवशी पुसून, बॅटरी भरून, सगळं तयार. दीड वर्षात पहिल्यांदा त्याच्यात मला काही खोट दिसत नव्हती. बाहेर आले तर आई नवी साडी नेसून पाटासमोर बसलेली. व्हर्नियर उघडा, त्यावर झेंडू. मिक्सर, विळी, माझा लॅपटॉप, सगळ्यांना कुंकू. आणि पाटाच्या मधोमध कॅमेरा. लेन्स काढून बाजूला नीट रुमालावर ठेवलेली. मी काढते तशीच, बटण दाबून, फिरवून. उघडं तोंड वर. आत त्या काचेवर ओल्या हळदीकुंकवाचं बोट, आणि चार अक्षता.

मी काय बोलले ते लिहायला नको वाटतं, पण ते लिहिल्याशिवाय ह्या सगळ्याला काही अर्थ नाही. आधी नुसती ओरडले. मग म्हणाले, तुला काही कळतं का, अक्कल आहे का, किती वेळा सांगितलं. आई गांगरून म्हणाली, "अगं पण तूच बोललीस ना गाभारा हाय. बाकी खोका हाय बोललीस." हे ऐकून मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. म्हणाले, "तुझे हात ना, बांधून ठेवले पाहिजेत!"

आईने हात उचलले. उजव्या हाताच्या अनामिकेवर कुंकू तसंच होतं. ते तिने नव्या साडीला पुसलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

तोवर मी कॅमेरा उलटा करून झटकत होते. अक्षता पडल्या. कुंकू पडलं नाही. कॅमेऱ्याच्या रबरी फुंकणीने हवा मारली तर बोटाच्या ठशाभोवतीची लाल पूड उडून आणखी आत गेली. मग रडू आलं, तेही रागाचं. फोटोचं नाव कुणीच काढलं नाही. मी कंपनीच्या पूजेला निघून गेले, तिथे मशीनपुढे नारळ फोडला, पेढा खाल्ला, आणि संध्याकाळी घरी आले तेव्हा आई नेहमीच्या साडीत भाकऱ्या करत होती.

दसरा उलटल्यावर काकांकडे गेले. त्यांनी लेन्स काढून आत पाहिलं, डोळ्याला भिंग लावून परत पाहिलं. मग म्हणाले, "साईं! इतने साल में धूल देखा, फंगस देखा, एक बार चींटी भी देखी. पूजा पहिली बार देख रहा हूँ."

मला हसू आलं नाही. त्यांनी लेन्स लावली, लेन्सचं भोक अगदी बारीक केलं, कारण काचेवरचा डाग तेव्हाच स्पष्ट दिसतो, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीचा एक फोटो घेतला. पडद्यावर मोठा करून माझ्याकडे वळवला. मला वाटलं होतं लाल दिसेल. लाल नव्हतं. कुंकू काचेवर लाल असलं तरी फोटोत नुसती त्याची सावली येते. पांढऱ्या भिंतीवर मधोमध एक करडं बोट उमटलं होतं. उलटं, टोक खाली. कडेला ठिपके. मध्ये पाचसहा रेघा, आणि त्यांना आडवा छेदून जाणारा एक जाड वळ.

तो वळ मी ओळखला. बुवापाड्यात असताना आई घरबसल्या रबरी वाशरांच्या कडा ब्लेडने कापायचं काम करायची. कंपनीतून पोतं यायचं, कापून परत जायचं. एकदा ब्लेड अनामिकेत हाडापर्यंत गेलं होतं. मी तेव्हा दुसरीत होते. बोटाला हळद दाबून तिने उरलेलं पोतं संपवलं होतं.

"मॅडम, पोछ दूँ?" काकांनी विचारलं. हातात बारीक पट्टीला गुंडाळलेलं ओलं कापड होतं.

"त्याचसाठी आलेय ना."

"पक्का?"

मला त्यांचा राग आला. माल खराब झालाय, साफ करायचा, ह्यात पक्कं-कच्चं काय? म्हटलं, "पुसा." त्यांनी एकदा ह्या बाजूने, एकदा त्या बाजूने कापड फिरवलं. कापड गुलाबी झालं. मग भिंतीचा दुसरा फोटो. पांढरा स्वच्छ. एक ठिपका नाही. "पास?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पास.

घरी आल्यावर आईला सांगितलं, झाला साफ, काही बिघडलं नाही. ती म्हणाली, "बरा झाला." तिच्या आवाजात काही नव्हतं. पण मी टेबलावर कॅमेरा ठेवला तेव्हा ती त्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलायला आली होती, ती तशीच परत फिरली. टेबल पुसायचं तिने सोडलं. कॅमेऱ्याचा डबा चुकून वाटेत असला तर वळसा घालून जायची. मला आधी वाटलं, रुसलीये. रुसवा मला परवडला असता, रुसवा काढता येतो. हा रुसवा नव्हता. ती घाबरत होती. माझ्या घरात, माझ्या वस्तूंना, माझी आई हात लावायला घाबरत होती.

एकदा मी धीर करून म्हटलं, "आई, त्या दिवशी मी जास्तच बोलले."

"बोलायचाच. म्हागाची वस्तू हाय," ती म्हणाली, आणि पुढे मटार सोलत राहिली. तिने माफ केलं होतं. अगदी खरं खरं केलं होतं. पण ते तिच्या हातांना कळलं नव्हतं.

नोव्हेंबरात तिला हयातीच्या दाखल्यासाठी घेऊन गेले. बाबांच्या मागे तिला जी पेन्शन मिळते तिच्यासाठी दर वर्षी मशीनवर बोट ठेवून आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. आईचं बोट मशीनला कधीच पटकन कळत नाही. त्या वर्षी अजिबात कळेना. काउंटरवरची मुलगी चांगली होती, म्हणाली, "आजी, हात पुसा, परत ठेवा. दुसरं बोट ट्राय करू." आईने पदराला पुसून पुसून दहाही बोटं ठेवली. दहाही वेळा लाल दिवा. ब्लेडने, रबराने, राखेने तिच्या बोटांवरच्या रेघा कधीच्या झिजवून टाकल्या होत्या. रांगेतल्या लोकांकडे बघत ती ओशाळून म्हणाली, "माज्या हातांचा आता काय पन कामाचा नाय." शेवटी डोळ्याच्या मशीनने तिला जिवंत ठरवलं.

मी तिच्या शेजारी उभी होते आणि मला त्या पडद्यावरचं करडं बोट दिसत होतं. सरकारच्या मशीनला न दिसलेल्या रेघा माझ्या कॅमेऱ्याला दिसल्या होत्या. सगळ्या नाही, पाचसहा. त्या मी पुसून घेतल्या होत्या आणि पास म्हटलं होतं. तिथल्या तिथे तिला सांगावंसं वाटलं. काय सांगणार होते? की तुझा ठसा उमटतो, आई, पण तो उमटला म्हणून मी तुझे हात बांधायला निघाले होते? रिक्षा करून आम्ही दोघी घरी आलो.

फोटो मी जानेवारीत काढला. कोवळं ऊन गॅलरीत आलं होतं. मी म्हटलं, "आई, बसतेस का?" आणि ती लगेच बसली. पदर तोंडावर नाही, भिंतीवर टांगायची घाई नाही, काही नाही. मला ते मुळीच आवडलं नाही. तिने मला चिडवावं म्हणून मी उगाच बटणं फिरवत वेळ काढला. ती समोर बघत राहिली, शाळेत फोटोला बसवतात तशी.

"हात बाहेर घे ना," मी म्हटलं. "मांडीवर ठेव."

"नको. कुठं लागला-बिगला तर."

"कशाला लागणार? तू तिकडे, मी इकडे."

"ऱ्हाऊ दे गो. तू काढ."

मी काढला. इतका चांगला फोटो मी आजवर काढलेला नाही. सुरकुती न् सुरकुती स्पष्ट, डोळ्यांत गॅलरीचा उजेड, पाठीमागे कुणी नाही, खांद्यावर कुणाची बोटं नाहीत. कुठे एक डाग नाही. लॅबमध्ये आला असता तर मी डोळे मिटून पास केला असता. आणि त्यात माझ्या आईला हात नाहीत. छातीखाली पदर, आणि पदराखाली दोन मुठी.

त्याच कार्डावर, त्या फोटोच्या आधी, पांढऱ्या भिंतीचे दोन फोटो आहेत. एक बोटाचा, एक स्वच्छ. बगळे, जास्वंद, सगळं मी केव्हाच पुसून टाकलं. हे तीन राहिलेत. कधी कधी मी ते एकामागून एक बघते.

ह्या वर्षीच्या नवमीला मी लवकर उठले. पाट मी मांडला. व्हर्नियरची पेटी उघडली, मिक्सरचं भांडं काढलं, लॅपटॉप उघडला. आणि डब्यातून कॅमेरा काढून, लेन्स उतरवून, तोंड वर करून पाटाच्या मधोमध ठेवला. ठरवूनच ठेवला. आई आली, बसली. एकेका हत्याराला हळद, कुंकू, फूल वाहत गेली. विळी झाली, लॅपटॉप झाला, व्हर्नियर झाला. कॅमेऱ्यापाशी तिचा हात थांबला.

"लाव ना," मी म्हटलं. "आत लाव. मी सांगतेय."

तिने एकदा आत पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. कुंकवाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि हात पदराखाली घेतला. "त्याला तू लाव. माजा हात नको."

मी पुन्हा म्हटलं. तिने नुसती मान हलवली. उघड्या तोंडावर धूळ बसत होती. किती वेळ उघडं ठेवणार? शेवटी मी झाकण लावलं, बोटावर कुंकू घेतलं, आणि झाकणावर टेकवलं. आईने कुणाच्याही हाताला लागणार नाही अशा बेताने, लांबूनच, एक झेंडू टाकला.

आमच्या घरात त्या दिवशी डब्याची पूजा झाली.